मला कोंकणी येत नाही

९ नोव्हेंबर १९८६

संध्याकाळी पार्सेच्या तिठ्यावरून येत होतो. मोरीच्या कठड्यावर आमची सगळी पोरं ओळीने बसलेली. आयटीआय पास. कोणी फिटर, कोणी वायरमन. सर्टिफिकेटं घरी ट्रंकेत आणि हे इथे म्हापशाच्या बसमधून कोण उतरलं ते बघतायत. मी म्हटलं, "अरे, अर्ज तरी केलेत का कुठे?" तर विठ्ठल म्हणतो, "मास्तर, मुरगावात वास्कोवाल्यांची वर्णी लागता, नायतर भायल्यांची. पेडण्यातल्यांक कोण विचारता?" तळपायाची आग मस्तकात गेली. पोराचा राग नव्हे, तो बोलला ते खरं आहे म्हणून.

घरी आल्यावर पेपर उघडला तर जाहिरात. मुरगावच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार घेणार, गोव्यातल्या स्थानिकांना प्राधान्य. म्हटलं बघतोच आता. उद्यापासून शाळेच्या पडवीत शिकवणी. गणित मी घेणार, आणि साहेबासमोर ताठ मानेने बोलायचं कसं तेही मीच शिकवणार. गंगा वाढता वाढता म्हणाली, "तुमकां रागावल्याबगर कामच सुचना." बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

१८ नोव्हेंबर

सहा मुलगे आणि एक मुलगी. मुलगी म्हणजे सुविधा, सगुणची. सगुण दुसऱ्याच्या काजूच्या भाटात, बागेत, राखणीला असतो आणि आई काजू फॅक्टरीत बिया फोडायला. पोरीने डिचोलीला मामाकडे राहून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, वर्गात एकटी मुलगी. आता वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष. यंदा झालं नाही तर जूनपासून आईशेजारी फॅक्टरीत बसायचं असं सगुणने ठरवून टाकलंय. त्या बाईचे हात मी पाहिलेत. काजूच्या सालीच्या तेलाने बोटं काळी ठिक्कर, कातडी सोललेली.

सुविधा म्हणाली, "मास्तर, माका थंय बसूचां नाय."

मी म्हटलं, "नीट बोल. मला तिथे बसायचं नाही."

"मला तिथे बसायचं नाही," ती म्हणाली. पोरगी हुशार आहे, एकदा सांगितलं की पुरतं.

या पोरांच्या जिभा मला आधी सरळ करायला हव्यात. पोर्तुगीज होते तेव्हा बाबांनी आमच्या ओसरीवर मराठी शाळा चालवली. पाटी-पेन्सिल स्वतःच्या पदरची. अर्धं गाव तिथे वाचायला शिकलं. मराठी नसती तर आम्ही सगळे अजून दुसऱ्याच्या भाटात राखणीलाच असतो. आणि आज पणजीत बसलेले शहाणे आम्हाला सांगतात की तुमची भाषा ही नव्हेच! डोकं फिरतं माझं.

२२ डिसेंबर

चार दिवस एक बस नाही. झाडं कापून रस्त्यांवर आडवी टाकलीत, दगडफेक, जाळपोळ, माणसंही मेली म्हणतात. राजभाषा कोंकणी पाहिजे म्हणून तिकडचे पेटलेत, आणि इकडचे मराठीसाठी. कारखान्याची लेखी परीक्षा पुढे ढकलली असं कळलं. म्हणजे पोरांच्या पोटावर पाय. असा संताप आला की पडवीतलं कदेल उचलून आपटलं. खुर्चीचा एक पाय मोडला. शाळेचं आहे, दुरुस्त करून द्यावं लागणार.

मग सातही जणांना घेऊन सरळ देवळात गेलो. नारळ ठेवला. विठू गुरवाला सांगितलं, गाऱ्हाणं घाल, ही पोरं परीक्षेत पास व्हावीत आणि साहेबासमोर मराठीशिवाय दुसरी भाषा त्यांच्या तोंडून येऊ नये. विठूने काय झकास गाऱ्हाणं घातलं! "बा देवा म्हाराजा, आज ही पोरां तुझ्या पायाकडे इली आसत. मास्तरांनी तुका नारळ ठेवलो आसा. पोरांका यश दी. सायबाच्या म्होरे मराठी सोडून दुसरी भास त्यांनी तोंडात घेवची नाय. घेतली तर तुजी आण आसा म्हाराजा!" सगळी एका सुरात "होय म्हाराजा!" माझ्या अंगावर काटा आला. मराठीसाठी इतकं जिवंत गाऱ्हाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सुविधा येताना एकटी मागून चालत होती. देवासमोर दिलेला शब्द म्हणजे काय, हे तिला बरोबर कळतं. बाकीचे फिदीफिदी हसत होते, माकडं लेकाची.

५ फेब्रुवारी १९८७

काल पणजीला कायदा झाला. राजभाषा कोंकणी. मराठीला म्हणे तिच्या शेजारी पाट मांडून दिलाय, सरकारी कामात चालेल. चालेल! आमच्याच घरात आम्हाला चालवून घेणार! जेवलो नाही. गंगाने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं आणि झोपली.

शिकवणी मात्र घेतली. खोटी मुलाखत घेतो हल्ली. मी साहेब होतो, पोरं एकेक करून आत येतात. सुविधाला विचारलं, "कोंकणी येते का?" ती घुटमळली.

"मास्तर, येतां ना माका?"

"येतं ते घरातलं बोलणं. ती बोली झाली, भाषा मराठी. ठणकावून सांगायचं, मला कोंकणी येत नाही. म्हण."

"पण ता खरां नाय."

"म्हण म्हणतो ना!"

म्हणाली. आवाज बारीक होता. मग मी तिच्याकडून मोठ्याने म्हणून घेतलं, पडवीच्या टोकाला ऐकू जाईल इतकं.

१५ मार्च

लेखी परीक्षेचा निकाल. आमचे तिघे पास आणि त्यात सुविधा पहिली! आमच्यात पहिली नव्हे, अख्ख्या यादीत पहिली! मी तिठ्यावर ओरडून सांगितलं. सगुण भाटातून धावत आला, तोंड उघडं ते मिटेचना. म्हणतो, "मास्तर, आता फॅक्टरी चुकली मगो तिची?" मी म्हटलं, "चुकली म्हणून समज." दुकानातून पेढे मिळाले नाहीत म्हणून गूळ वाटला. सहा महिन्यांत आज पहिल्यांदा मी कोणावर रागावलो नाही, असं गंगा म्हणते. रात्री दुकानदारावर रागावलो होतो, पण ते तिला सांगितलं नाही.

२१ एप्रिल

मुलाखत. पहाटे चोपड्याची फेरीबोट, म्हापसा, मग बेतीहून परत फेरीबोट, कारण पणजीचा पूल गेल्या पावसाळ्यापासून मांडवीत पडलाय. तिथून वास्को. विठ्ठल, दुसरा फिटर पोरगा आणि सुविधा. मी बाहेर बाकावर बसून होतो. जनेल उघडं होतं, म्हणून सुविधाचं सगळं ऐकू आलं.

मुलाखत घेणारा मिनेझीस नावाचा साहेब, तिकडे दक्षिणेतल्या सासष्टीचा. आधी विजेचे प्रश्न विचारले. पोरीने धडाधड उत्तरं दिली. मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुजें घर खंय गो, बाय?"

"माझं घर पार्से येथे आहे."

"पार्सें! आनी कोंकणी उलयना?"

"मला कोंकणी येत नाही."

"येनाच? इल्ली लेगीत?" थोडीसुद्धा नाही का, असं.

"नाही. मला कोंकणी येत नाही."

वाघीण! बाहेर मी बाकावर अक्षरशः उभा राहिलो. विठ्ठल त्याच्या पाळीला आत गेला आणि साहेबाने विचारताच त्याच्याशी घरच्यासारखं "हय सायबा, हय सायबा" करत बसला. नारळ पचवला गाढवाने. येताना फेरीवर त्याच्याशी बोललो नाही. सुविधाला सोडा पाजला. तिने अर्धाच प्याला आणि पाण्याकडे बघत राहिली. दमली असणार.

९ मे

यादी लागली. विठ्ठल आहे. दुसरा पोरगाही आहे.

सुविधा नाही.

लेखीत पहिली आलेली मुलगी यादीत नाही! मराठी बोलली म्हणून! सूड! दुसरं काय? मी आजच वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चार पानं. संपादकाने छापलं नाही तर स्वतः जाऊन विचारीन. सगुणच्या घरी गेलो. आई बाहेर आली नाही. सुविधा उंबऱ्यात बसली होती. मी म्हटलं, "तू मान खाली घालू नकोस, तू जिंकलीस." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

१३ मे

मुरगावला जाऊन आलो. 

मिनेझीसच्या खोलीत शिरलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. काय काय ते सगळं आठवत नाही. "तुमकां लज दिसना? आमचीं भुरगीं रातदीस अभ्यास करतात, आनी तुमी भास पळोवन तांकां भायर काडटात? तुमच्या बापायचो कारखानो काय रे हो?" असंच काहीतरी. बाहेरचे कारकून गोळा झाले.

तो रागावला नाही, हेच मला सोसवलं नाही. कदेल पुढे केलं आणि म्हणाला, "मास्तर, बस. तूं इतली बरी कोंकणी उलयता. मागीर चलयेक कित्याक येना?"

मुलीला का येत नाही, म्हणे! मी बसलो.

त्याने सांगितलं ते असं. स्थानिकांच्या जागांसाठी दरवर्षी सातार्ड्यापलीकडून, महाराष्ट्रातून लोक येतात, इथल्या नातेवाइकाचा पत्ता देतात, रहिवासाचा दाखला विकत मिळतो. म्हणून तो दाखल्यावर विश्वास ठेवत नाही. दोन शब्द बोलतो, माणूस कुठला ते कळतं. "गोंयांत जल्मल्लें चेडूं आनी कोंकणी इल्ली लेगीत येना? हांवें दोनदां विचारलें. ती म्हणाली येना. हांवें तिका सातार्ड्यापलतडची समजलों." बाहेरचे उमेदवार म्हणून वेगळी यादी होती, तिच्यात तिचं नाव टाकलं. त्या यादीतून कोणालाच घेतलं नाही.

म्हणजे माणसाचा कागद खोटा आणि जीभ खरी! हा कसला न्याय? मी तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, चुकलं असेल. मग म्हणाला, निवडलेला एक मुलगा गल्फला चाललाय, त्याची जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी आहे. चलयेक धाड. माझ्यासमोर चार शब्द बोलू दे, मी वरच्या साहेबाला सांगतो की खात्री केली, आणि ती जागा तिची.

चार शब्द बोलून दाखवू दे! पोपट आहे का ती?

१५ मे

सुविधाला अजून सांगितलेलं नाही. तिने देवासमोर शब्द दिलाय. तो मोड असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? आणि मिनेझीससमोर जाऊन ती बोलली की झालं, पेडण्याची मराठी म्हणजे सोंग होतं असं तो मुरगावभर सांगत सुटणार. माझं पत्र छापून येऊ दे. एकदा छापून आलं की ते स्वतः बोलावतील, मानाने. तेच योग्य.

२० मे

पत्र आलं नाही.

गंगाने विचारलं, "मुरगावच्या सायबान कितें म्हळें?" मी म्हटलं, "काही नाही." ती विळीवर नारळ खवत होती. खवता खवता थांबली आणि परत खवू लागली.

विठ्ठल आज कामावर गेला, नवा शर्ट घालून. पाया पडायला आला होता. मी आशीर्वाद दिला, जरा मोठ्याने. सुविधा म्हणे त्याला बसपर्यंत पोचवायला गेली होती.

२६ मे

पत्र आज छापून आलं. चार पानांच्या सहा ओळी केल्या, आणि त्यात कारखान्याचं नावच नाही. संपादकाला काय रोग आला? दिवसभर चिडचिड झाली. शाळेला सुट्टी म्हणून मारायला पोरंही नाहीत. आता सुविधाला सांगावं असं दोनदा मनात आलं, चपला घातल्या, सगुणच्या वाटेला वळणापर्यंत गेलोही. मग वाटलं, सांगायचं कसं? "जा आणि बोल", असं? मीच? परत आलो. अजून चार-पाच दिवस आहेत.

३० मे

आज गोवा राज्य झालं. तिठ्यावर झेंडे, पताका, लाऊडस्पीकर. माझ्या घरावर पताका लावू दिली नाही. ज्या राज्यात माझ्या बाबांच्या शाळेची भाषा शेजारच्या पाटावर बसते, त्याचे पेढे मी नाही खाणार.

हे मी गंगाला सांगत होतो तर ती पहिल्यांदाच अशी बोलली. विठ्ठलची आई काल तिला देवळात भेटली होती. विठ्ठलने कारखान्यात ऐकलं की पार्सेच्या मास्तराला साहेबाने जागा देऊ केली होती, आणि मास्तराने पुढे काहीच केलं नाही. "खरें काय?" गंगाने विचारलं. मी तिला तत्त्व समजावून सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं नाही. "त्या चेडवाच्या आवयचे हात पळयल्यात तुमी? तुमचें तत्त्व त्या हातांनी काजू फोडटलें काय?" म्हणाली आणि पदर खोचून घराबाहेर पडली. कुठे गेली ते मला माहीत होतं. मी अडवलं नाही.

२ जून

काल सुविधा एकटी मुरगावला गेली. आज सकाळी माझ्या दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही.

"मास्तर, मिनेझीस सायबान तुमकां केन्ना सांगिल्लें?"

मी म्हटलं, "नक्की आठवत नाही. दोन-चार दिवस झाले असतील."

"तेरा तारखेक. तेणें माका सांगलें." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडलो असतो. "मियां काल तेच्याकडे कोंकणी उलयलें. खूब उलयलें. गाळी पसून दिलें. तो म्हणालो, बाय, आयतवारपर्यंत रावलों तुजी वाट पळोवन. सकाळीच दुसऱ्याक घेतलो."

एका सकाळसाठी! एका सकाळसाठी जागा गेली! मी मिनेझीसला शिव्या घालायला सुरुवात केली. असा कसा, एक दिवस थांबला नाही, हरामखोर, मुद्दाम केलं.

"मास्तर," ती म्हणाली, "जल्मात एकच फट मारली मियां, एकच खोटां बोललें. 'मला कोंकणी येत नाही.' ती तुमी शिकयली म्हणान मारली. देवाच्या आणेक भियेलें म्हणान मारली. आता तुमी माका फट मारलात. दोन-चार दीस म्हणे." मग म्हणाली, "मराठी माकाय जाय. माजीच ती. तुमच्यापरस चड वाचतां मियां. पुण तिच्याखातीर फट कित्याक मारूची पडता, मास्तर?"

ती पायऱ्या उतरून गेली. उत्तर आहे. असणारच. दुपारभर शोधतोय. बाबांची शाळा, पोर्तुगीज, राजभाषा, सगळं लिहून काढलं आणि फाडून टाकलं. ती माझ्याशी अशी कशी बोलू शकते? पहिलीपासून मी शिकवलेली पोर! कोणी शिकवलं तिला असं उलट बोलायला?

१९ जून

सुविधा फॅक्टरीत बसायला लागली. गंगा बघून आली. पहिल्याच आठवड्यात तिच्या उजव्या हाताची बोटं सोलली, फडकं बांधलंय. मी तिला सांगितलं मला हे सांगू नकोस. तिने पुन्हा सांगितलं.

शिकवणीला आता कोणी येत नाही. पावसामुळे असेल.

१३ जुलै

तिठ्यावर विठ्ठलच्या बापाचं बंद पडलेलं दुकान आहे, त्याच्या फळ्या काल उघडलेल्या दिसल्या. आत सुविधा. सगुणच्या ओळखीतल्या कोणाची तरी जळलेली मोटर मेजावर उघडून बसलेली. आठवडाभर फॅक्टरी, रविवारी हे. विठ्ठल रविवारी मुरगावाहून येतो तेव्हा तिथेच दिसतो, आणि मोरीवरची दोन पोरंही. मी समोरून गेलो. पोरांनी "मास्तर" म्हटलं. तिने मान वर केली नाही, तिच्या हातात बारीक तार होती.

पंपाची मोटर बांधायला आख्खा पेडणे तालुका म्हापशाला धावतो. हे कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

२३ ऑगस्ट

चतुर्थी पाच दिवसांवर. विजेचा खेळखंडोबा चाललाय आणि काल आमचा मिक्सर जळला. गंगा म्हणाली, नेवऱ्यांचं सारण राहिलंय, नेऊन द्या. मी म्हटलं, म्हापशाला नेतो. ती म्हणाली, "तिठो सोडून म्हापशाक?" आणि मिक्सर पिशवीत घालून हातात दिला.

सुविधाने गेल्या महिन्यात फॅक्टरी सोडली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाचे पंखे, कोणाच्या गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या दिव्यांच्या माळा. मेजाच्या पलीकडे ती, हात काळे, पण ते ग्रीसने. एका म्हातारीला म्हणत होती, "आज्ये, हो पंखो नवो घे गो, हो तुझ्यापरस म्हातारो!" सगळं दुकान खो खो हसलं, म्हातारीसकट. विठू गुरवाला म्हणाली, "देवळाची वायर मियां फाल्यां बदलतां, तुमी वयर चडू नाकात." एकेकाशी मस्करी, एकेकाला दम. जसं घरात बोलतात तसं. मी मागे उभा राहून ऐकत होतो. मला आठवतं, पडवीत ही पोर कधी इतकं बोललीच नाही.

माझी पाळी आली. तिने माझ्याकडे बघितलं.

"या, मास्तर. बसा. काय बिघडलं आहे?"

मी मिक्सर पुढे केला.

तिने उघडून बघितला. "मोटर जळली आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तयार होईल. आपण स्वतः येण्याची आवश्यकता नाही, कुणालाही पाठवा."

एक अक्षर चुकलं नाही. काना नाही, मात्रा नाही. जसं शिकवलं होतं तसं. माझ्या मागच्या माणसाला ती लगेच म्हणाली, "बोल रे, तुजा कितें?" आणि मी तिथेच उभा. म्हटलं असं कसं जायचं, काहीतरी बोलू. मी मुद्दाम घरच्या बोलीत तिच्या आईची चौकशी केली, "सुविधा, आवय बरी मगो तुजी?"

"बरी आहे," ती म्हणाली. "धन्यवाद."

धन्यवाद! पार्सेत कधी कोणी कोणाला धन्यवाद म्हटलंय?